आधी पाणी, मग ठोकळा

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे म्हणून ग्रुपवर मेसेज आला तेव्हा म्हटलं आपण काय लिहायचं, गॅदरिंग, मधल्या सुट्टीतल्या चिंचा, पीटीच्या सरांची छडी हे सगळं बाकीचे लिहिणारच आणि माझ्यापेक्षा भारी लिहिणार. मी आपल्या विज्ञानाच्या सरांबद्दल लिहितो, आणि तेही सगळं नाही, ते पाणी कसं शिकवायचे तेवढंच. कारण मी आता बऱ्याच वर्षांपासून कॉलेजात फर्स्ट इयरच्या पोरांना फिजिक्स शिकवतोय, मेकॅनिक्स आणि फ्लुइड्स, आणि दरवर्षी सिलॅबस हातात आला की वाटतं हा उलटा लिहिलाय भो.

म्हणजे बघा, सुरुवात होते ठोकळ्यापासून. गुळगुळीत उतारावर ठोकळा ठेवलाय, घर्षण नाही, दोरीला वजन नाही, पुली फिरते पण तिलाही वजन नाही. असला ठोकळा रावेर-यावल पट्ट्यातल्या कुठल्या पोराने पाहिलाय? त्याने पाहिली आहे विहीर, मोटर, फुटव्हॉल (पाइपाच्या तळाची झडप), केळीच्या बागेतल्या नळ्या. आणि हे सगळं ज्या चॅप्टरमध्ये आहे तो येतो सेमिस्टरच्या शेवटी, परीक्षा तोंडावर आल्यावर, घाईघाईत.

आपले सर आठवीतच पाण्यापासून सुरू व्हायचे. पहिला प्रश्न ठरलेला, "मोटर पाणी ओढते का ढकलते?" सगळा वर्ग ओरडायचा ओढते! मग सर विचारायचे की ओढते तर मग तुझ्या बापाने उन्हाळ्यात मोटर विहिरीत खाली का उतरवली, वरच ठेवायची ना, ओढू दे की. सगळे गप्प. कारण उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मोटर खालच्या ओट्यावर न्यावी लागते हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, चेनपुली लावून मोटर उतरवताना आम्ही वर उभं राहून दोर धरलेला, पण का उतरवतात हे कधी कोणी विचारलंच नव्हतं.

उत्तर असं की मोटर पाणी ओढतच नाही. ती फक्त सक्शन पाइपातला दाब कमी करते, आणि विहिरीतल्या पाण्यावर जी हवा बसलेली आहे ती पाणी पाइपात वर ढकलते. आता हवेचा जोर तरी किती, तर समुद्रसपाटीला १०.३ मीटर उंच पाण्याचा खांब तोलेल एवढाच, म्हणजे ३४ फुटाच्या आतबाहेर. मोटर कितीही एचपीची आणा, त्याच्या वर सक्शनने पाणी चढणार नाही. आणि ३४ फूट हे झालं कागदावर, शेतात पाइपातलं घर्षण, फुटव्हॉलची अडचण, कुठल्यातरी जॉइंटमधून घुसणारी हवा हे सगळं वजा जाता वीस-बावीस फुटाच्या पुढे कोणी भरवसा ठेवत नाही. आमचे अप्पा हे आकडे न शिकता पाळायचे. बोअरमधली सबमर्सिबल दोनशे फुटावरून पाणी देते ती मग कशी, हा पुढचा प्रश्न पोरंच विचारायची, आणि सर म्हणायचे ती खालीच बसलीये ना, ती ढकलते.

यात सर इतिहास पण घालायचे, तो मला अजून आवडतो. इटलीतल्या पंपवाल्यांना पण हाच त्रास होता, साधारण दहा मीटरच्या वर पंप पाणी देईना. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात याचा उल्लेख केलाय, पण त्याला कारण नीट लागलं नाही, त्याला वाटलं पाण्याचा खांब स्वतःच्या वजनाने तुटत असेल. पुढे त्याचा शिष्य टॉरिचेलीने एका टोकाला बंद नळीत पाण्याच्या जागी पारा घेतला, पारा पाण्यापेक्षा १३.६ पट जड, म्हणून दहा मीटरच्या जागी ७६ सेंटिमीटरवर काम भागलं. सर म्हणायचे ७६ ला १३.६ ने गुण. आम्ही गुणायचो, १०३३ सेंटिमीटर यायचे. आपली विहीर आणि टॉरिचेलीची नळी एकाच हिशोबात बसली की वर्गात जो गलका व्हायचा तो मला आज कॉलेजात मोठं डेरिव्हेशन करून पण मिळत नाही.

सरांचं पेटंट वाक्य म्हणजे "आकडा टाक." कोणी काहीही बोललं की आकडा टाक. हतनूर धरणाला सहल नेली होती तेव्हा आम्ही सगळे ४१ दरवाजे बघून येडे झालेलो, आणि कोणीतरी म्हणालं की एवढं मागपर्यंत पाणी पसरलंय, भिंतीवर केवढा जोर येत असेल. सर तिथेच थांबले. पाणी मागे किती किलोमीटर पसरलंय त्याचा भिंतीला फरकच पडत नाही, फरक पडतो फक्त खोलीचा. दर दहा मीटर खोलीला एका चौरस सेंटिमीटरवर एक किलो, बस. म्हणून भिंत खाली जाड आणि वर बारीक. हे ऐकून पटत नाही, मला पण घरी जाऊन झोपेपर्यंत पटलं नव्हतं. आजही दर बॅचला हा प्रश्न टाकला की निम्मी पोरं म्हणतात तलाव मोठा तर जोर मोठा.

आता पाइपलाइनचं. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी पैसे वाचवायला तीन इंचीच्या जागी दोन इंची पाइप टाकला होता आणि शेवटच्या टोकाला पाणी येईना. सगळे म्हणायचे मोटर कमजोर आहे. सरांनी फळ्यावर हिशोब केला, तेवढंच पाणी न्यायचं तर घर्षणात जाणारा दाब पाइपाच्या व्यासाच्या साधारण पाचव्या घाताने बदलतो, म्हणजे दीडचा पाचवा घात, साडेसात पट. दीडपट बारीक पाइप आणि साडेसातपट नुकसान! इथे कॉलेजवाल्यांसाठी एक सांगून ठेवतो, पुस्तकात पॉइझुलीच्या सूत्रातला चौथा घात असतो, तो संथ वाहणाऱ्या पाण्याला लागू पडतो, शेतातल्या पाइपात पाणी एवढं संथ नसतंच, रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह संथ का खळबळता हे सांगणारा आकडा) काढून बघा, दोन हजाराच्या कितीतरी वर जातो. पोरं हे न बघता सूत्र मारतात.

आणि वेंचुरी. केळीला ड्रीपमधून खत सोडायला लावतात ती. मधे पाइप अरुंद होतो, पाणी तिथे जोरात पळतं आणि दाब कमी होतो, इतका कमी की बादलीतलं खताचं पाणी आपोआप आत ओढलं जातं (ओढलं नाही, ढकललं, सर असते तर इथेच पकडलं असतं). यामागचा नियम ज्याच्या नावाने ओळखतात त्या बर्नुलीचं पुस्तक १७३८ चं, आणि आपल्याकडे शेतकऱ्याला माहीत आहे की वेंचुरी खत घेत नसेल तर मेन लाइनचा व्हॉल्व्ह थोडा दाबायचा, म्हणजे दोन्ही बाजूच्या दाबात फरक पडतो. पण त्याच शेतकऱ्याच्या पोराला परीक्षेत विचारा, पाइप अरुंद झाला तर दाब वाढेल का कमी होईल, तो वाढेल लिहून येतो. कारण चॅप्टर आणि बाग हे त्याच्या डोक्यात दोन वेगळ्या गावात राहतात.

माझे एक सहकारी यावर माझ्याशी दरवर्षी भांडतात. त्यांचं म्हणणं न्यूटनशिवाय पाणी शिकवायचं कसं, बर्नुली म्हणजे शेवटी ऊर्जेचाच हिशोब, मग आधी ठोकळाच पाहिजे. चूक नाहीये त्यांचं. पण मी त्यांना पाइपाच्या बेंडवर घालतात तो काँक्रीटचा ठोकळा दाखवतो. तीन इंची लाइन, तीन किलो दाब, काटकोनात बेंड. हुशार पोरगं लगेच सांगतं की पाणी दिशा बदलतं, मोमेंटम (संवेग) बदलतो, म्हणून बेंड उखडतो. मग मी म्हणतो आकडा टाक. सेकंदाला सहा लिटर पाणी धरलं तर मोमेंटमचा वाटा एक किलोच्या आसपास येतो आणि दाबाचा वाटा जवळपास दोन क्विंटल. बेंड उखडतो तो दाबाने! न्यूटन बरोबरच आहे, पण कुठलं बल मोठं आणि कुठलं सोडून द्यायचं हे ठोकळ्याच्या गणितात कळत नाही, तिथे सगळं आधीच सोडून दिलेलं असतं.

सर नुसतं पाणीच शिकवायचे असंही नाही. चाळीसगावजवळ पाटणादेवीला नेलं होतं तेव्हा पाटणचा तो शिलालेख, भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला त्याचा, हे सगळं सांगून झाल्यावर सरांनी भास्कराचार्यांच्या चाकाची गोष्ट काढली. ११५० च्या सिद्धांतशिरोमणीत पोकळ आऱ्यांमध्ये अर्धा पारा भरलेलं, आपोआप फिरत राहणारं चाक सांगितलंय. आम्हाला अभिमान वाटला, आणि सर म्हणाले थांबा, हे फिरत राहील का? एका बाजूला पारा आसापासून लांब जातो हे खरं, पण त्या बाजूला अशा आऱ्या कमी असतात, दुसऱ्या बाजूला जवळच्या पण जास्त, फिरवणारं बल शेवटी बरोबरीत सुटतं आणि घर्षण चाक थांबवतं. म्हणून भास्कराचार्य लहान होत नाहीत, असंही म्हणाले. टॉर्क हा शब्द मला त्या झाडाखाली कळला, वडा खाताना.

आता कामाचं. कमिटीने महोत्सवानिमित्त शाळेला काय भेट द्यायची विचारलंय. कमान आणि पुतळा यावर बरीच चर्चा झाली, मी ग्रुपवर गप्प होतो, इथे बोलतो. प्रयोगशाळेत पारदर्शक पाइपाची वेंचुरी, दोन प्रेशर मीटर, अर्धा एचपीची मोटर आणि टाकी असा एक सेट बसवून द्या. नळ्या आणि वेंचुरी मी आणतो. मोटर वाइंडिंगवाले आपल्याच बॅचचे दोन जण आहेत, त्यांनी हात वर करावा. मीटर मात्र नवीन घ्या, भंगारातला नको, काटा अडकला तर पोरं आकडा काय टाकतील.