इंदूरहून खाझ अल्गार: ‘द वॉर विदिन’चे पहिले तीन आठवडे

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन गेमला भारतात सर्व्हर नाही. इंदुरात बसून खेळणाऱ्याच्या सगळ्या निर्णयांचं मूळ इथेच आहे, म्हणून ‘द वॉर विदिन’ हा 2024चा विस्तार, म्हणजे गेमचा तेव्हाचा नवा भाग, कसा वाटला हे सांगण्याआधी घड्याळाचा हिशोब मांडतो. ऑगस्ट-सप्टेंबरात युरोपातले लोक रात्री 8 वाजता रेडला, म्हणजे मोठ्या गटाच्या मोहिमेला, जमतात तेव्हा आपल्याकडे साडेअकरा झालेले असतात, आणि रेड संपेस्तोवर अडीच. सिडनीच्या सर्व्हरवर तेच 8 म्हणजे आपली दुपारची साडेतीन. नोकरी किंवा कॉलेज असलेल्या माणसाला दोन्ही वेळा सोयीच्या नाहीत. ‘द वॉर विदिन’मध्ये आलेल्या डेल्व्ह्ज, म्हणजे एकट्यानंही करता येणारी छोटी भुयारं, मला सगळ्यात मोठी सोय का वाटल्या, ते यावरून कळेल. पण तिथवर पोहोचण्यातच बऱ्याच जणांचे पहिले चार दिवस जातात.

सर्व्हर मी युरोपचा घेतला. राजेंद्र नगरातून फायबरवर पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, 150 ते 180 मिलिसेकंद येतो. अमेरिकेला 250च्या वर जातो, आणि तिथे हीलर, म्हणजे साथीदारांना बरं करणारा, खेळायला गेलात तर माणूस मेल्यावर औषध पोहोचतं. युरोपचा पिंग रोज सारखा नसतो, कारण आपली वाहतूक मुंबईहून समुद्राखालच्या केबलनं तांबड्या समुद्रातून जाते. 2024च्या फेब्रुवारीत तिथल्या केबल तुटल्या होत्या, तेव्हा हे चांगलंच कळलं होतं. इंटरनेट कंपनीला फोन करण्याआधी दोन आकडे बघावेत. गेममधल्या मेन्यूच्या बटणावर माउस नेला की ‘होम’ आणि ‘वर्ल्ड’ असे दोन पिंग दिसतात. दोन्ही वाढले असतील तर गडबड आपल्या वाटेत आहे. फक्त ‘वर्ल्ड’ वाढला असेल तर तिकडे गर्दी आहे, आपण चहा करावा.

दूरच्या सर्व्हरवर खेळणाऱ्यानं एक सेटिंग बदलायलाच हवी. चॅटच्या चौकटीत स्लॅश देऊन ‘कन्सोल स्पेलक्यूविंडो’ आणि पुढे आकडा टाकायचा. मुळात तो 400 असतो. म्हणजे एक चाल संपायच्या आधी 400 मिलिसेकंदांत दाबलेली पुढची चाल सर्व्हर रांगेत लावून ठेवतो. पिंग जास्त असूनही मारा सलग चालतो तो याच रांगेमुळे. अडचण अशी की शेवटच्या क्षणी बेत बदलला तरी रांगेतली जुनी चालच निघते. आपला पिंग अधिक 100 असा साधा हिशोब धरून मी 270 ठेवला. काही जण फुशारकीनं 50 ठेवतात. ते सर्व्हरच्या शेजारी राहणाऱ्यांनी करावं. आपल्याकडे प्रत्येक दोन चालींमध्ये खड्डा पडतो.

आता पैसे. आवृत्त्या तीन होत्या: 49.99, 69.99 आणि 89.99 डॉलर. सगळ्यात महाग आवृत्तीत तीनचार दिवस आधी प्रवेश आणि 30 दिवसांचा खेळ होता. 89.99 म्हणजे तेव्हाच्या भावानं साडेसात हजार रुपये, वर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क. त्या आधीच्या दिवसांत मिथिक डंजन (पाच जणांच्या मोहिमांची अवघड पातळी) किंवा रेड उघडे नव्हतेच, त्यामुळे मी साधी आवृत्ती घेतली आणि काही बिघडलं नाही. कार्ड मात्र पहिल्यांदा नाकारलं गेलं. नव्या कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार मुळात बंदच असतात, बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते चालू करावे लागतात. दुसरी अडचण दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या सबस्क्रिप्शनची. 1 ऑक्टोबर 2021पासून अशा वसुलीला आधी ग्राहकाची नोंदवलेली मंजुरी लागते, आणि परदेशी दुकानांच्या बाबतीत ती प्रत्येक बँकेत नीट नोंदली जात नाही. मग नेमकं रेडच्या दिवशी खातं बंद पडतं. गेम टाइम, म्हणजे खेळण्याचे दिवस, सुटा विकत घ्यावा, आपोआप वसुलीच्या भानगडीत पडू नये.

डिस्कवर 128 जीबी जागा लागते, आणि तीही एसएसडीवर. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर गेम उघडतो, पण डॉर्नोगल शहरात शिरलात की माणसं आधी दिसतात आणि त्यांचे कपडे मागून येतात. माझ्याकडे चार जीबी ग्राफिक्स आणि 16 जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. ग्राफिक्सचा आकडा 5 ठेवून शहरात सेकंदाला 35 ते 40 आणि डेल्व्हमध्ये 60 फ्रेम मिळतात. शहरात फ्रेम पडल्या की लोक आधी रेंडर स्केल, म्हणजे चित्राची सूक्ष्मता, उतरवतात. त्याचा फायदा होत नाही, कारण तिथे अडतं ते ग्राफिक्स कार्ड नव्हे, प्रोसेसर. सावल्या आणि ‘व्ह्यू डिस्टन्स’ कमी करा, निम्मे अ‍ॅडऑन (गेमला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम) बंद करा. जुने अ‍ॅडऑन तर जुलै 2024च्या 11.0 पॅचलाच मोडले होते. काही विचित्र दिसायला लागलं तर गेमच्या फोल्डरमधली ‘इंटरफेस’ आणि ‘डब्ल्यूटीएफ’ ही दोन फोल्डरं दुसरीकडे हलवून पाहावं. हलवा म्हणतोय, पुसू नका, नाहीतर बटणांची सगळी मांडणी पुन्हा करत बसाल. आणि पावसाळ्यात राउटरला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावाच. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, पण लाइट गेली की आधी मरतो तो राउटर. बॅटरीवर लॅपटॉप ग्राफिक्सचा वेगही उतरवतो, तेव्हा चालू झुंज संपवायची आणि थांबायचं.

सर्वांसाठी दार उघडलं ते आपल्या 27 ऑगस्ट 2024च्या पहाटे साडेतीनला. आदल्या रात्री जन्माष्टमी होती, त्यामुळे घरात जागरणाला वेगळं कारण द्यावं लागलं नाही. रात्री खवय्यांनी गजबजणाऱ्या सराफ्यातही तोवर सामसूम झाली होती. त्या आधी दोन कामं उरकून ठेवली होती: पिशव्या आणि क्वेस्टची (गेमनं दिलेल्या कामगिऱ्यांची) यादी रिकामी करणं. पहिल्या दोन तासांत पिशवी भरली की सगळी लय जाते.

लेव्हल 70पासून 80पर्यंतचा प्रवास खाझ अल्गार या नव्या भूमीच्या चार प्रदेशांतून होतो: आइल ऑफ डॉर्न, रिंगिंग डीप्स, हॅलोफॉल आणि अझ-कहेत. पहिला प्रदेश उघड्या आकाशाखाली, बाकीचे तीन जमिनीच्या पोटात. मला मुख्य कथेच्या क्वेस्ट आणि वाटेतल्या थोड्या बाजूच्या क्वेस्ट धरून साधारण 13 तास लागले. डॉर्न छान, पण ठरीव. रिंगिंग डीप्स यंत्रं आणि खाणींचा. दुसऱ्यांदा मी तो जवळजवळ पळतच पार केला. हॅलोफॉलला मात्र थांबलो. एवढी मोठी गुहा की वर छत आहे हे विसरायला होतं. मधोमध बेलेदार नावाचा प्रचंड स्फटिक लटकलेला, त्याचाच उजेड, आणि अधूनमधून तो जांभळा पडतो तेव्हा अख्ख्या प्रदेशाचा नूर पालटतो. इतक्या वर्षांत या गेममध्ये प्रकाशाचा असा वापर मी पाहिला नव्हता. अझ-कहेत याच्या उलट: एकाखाली एक मजले, नकाशावर खूण दिसते तिथे उतरावं तर क्वेस्ट दोन मजले खाली. तिथे नकाशापेक्षा बाणाशेजारच्या अंतरावर भरवसा ठेवायचा. ज्यांना कोळ्यांची किळस आहे त्यांच्यासाठी सेटिंगमध्ये एक सोय आहे, तिच्यानं कोळ्यांचे खेकडे होतात. माणसाएवढे नेरुबियन, म्हणजे कोळ्यांसारखी दिसणारी जमात, मात्र तसेच राहतात.

लेव्हल वाढते तशी ताकद घटल्यासारखी वाटते, आणि आमच्या गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या संघात, पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच होता. “भिया, 78ला मी 70पेक्षा हळू का मारतोय?” चूक खेळणाऱ्याची नाही. अंगावरच्या गिअरवर (शस्त्रं-चिलखतावर) क्रिटिकल, हेस्ट वगैरे गुणांचे आकडे तेच राहतात, पण लेव्हल चढली की त्याच आकड्याला टक्के कमी मिळतात. मागच्या विस्ताराच्या रेडचं गिअर घालून आलेला 70चा भिडू म्हणूनच डंजनमध्ये 78च्या माणसाला लाजवतो. उपाय एवढाच की साधारण 75नंतर जुन्या गिअरचा मोह सोडायचा आणि क्वेस्टमधून मिळेल ते घालायचं, जुन्या सेटचा बोनस गेला तरी. 71ला हीरो टॅलंट, म्हणजे जादा कौशल्यांची झाडं, सुरू होतात. दोनपैकी एक झाड निवडायचं असतं. झुंज चालू नसेल तेव्हा ते फुकट बदलता येतं, त्यामुळे त्यावर रात्रभर वाद घालण्यात अर्थ नाही.

वॉरबँडबद्दल, म्हणजे एका खात्यातल्या सगळ्या पात्रांच्या गटाबद्दल, थोडक्यात, कारण त्यात तक्रारीला जागा नाही. प्रतिष्ठा आता सगळ्या पात्रांची एकत्र मोजली जाते, आणि एक सामाईक बँक मिळते. तिचे कप्पे पाच, प्रत्येकात 98 खाने. भाव चढते: 1 हजार, 25 हजार, 1 लाख, 5 लाख आणि 25 लाख सोनं. पहिले दोन घ्या, तिसरा जमलं तर. पुढचे दोन सराफ्यातल्या शेटजींसाठी आहेत.

आता डेल्व्ह्ज. एक ते पाच जणांनी जायची छोटी भुयारं, पंधरा-वीस मिनिटांत संपणारी. एकटं गेलं की ब्रान ब्रॉन्झबिअर्ड हा गेमनंच चालवलेला साथीदार सोबत येतो. अवघडपणाच्या पायऱ्या 11. पहिली डेल्व्ह, अर्थक्रॉल माइन्स, कथेच्या ओघातच लागते आणि तिथे सगळं सोपं वाटतं. पण वरच्या पायऱ्या आणि रेड उघडला तो सीझन 1, म्हणजे विस्ताराच्या पहिल्या पर्वाबरोबर, युरोपात 11 सप्टेंबरला. नेमकं त्या दिवशी आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण. सोळा भाज्या चिरणाऱ्या घरात लॅपटॉप उघडायची कोणाची छाती नव्हती. संध्याकाळी साडेसातला बसलो, आणि गट नाही, टँक (पुढे राहून मार झेलणारा) शोधणं नाही, 11च्या आत चार डेल्व्ह झाल्या. ही गोष्ट या गेममध्ये आधी शक्य नव्हती.

ब्रानला पहिल्या दिवसापासून हीलर करा, तुम्ही स्वतः हीलर नसाल तर. तो तुमच्यावर मंत्र टाकत बसत नाही, औषधाच्या बाटल्या जमिनीवर टाकतो आणि त्या आपण उचलायच्या. नवखे हेच विसरतात, आणि मग ब्रान काही करत नाही म्हणून ओरडतात. झुंज बाटल्यांच्या दिशेनं सरकवत न्यायची. त्याला दोन क्युरिओ, म्हणजे बळ वाढवणाऱ्या वस्तू, लावता येतात, एक लढाईचा आणि एक सोयीचा. ते सापडत जातात तसे सुधारतात, म्हणून कोपऱ्यातल्या पेट्या सोडू नका. त्याची बडबड मात्र आवाजाच्या सेटिंगमध्ये संवाद कमी करूनच सहन होते.

नकाशावर रोज चार डेल्व्ह सोनेरी चिन्हाच्या असतात. त्यांच्या शेवटी किल्लीची पेटी असते. किल्ल्या आठवड्याला मोजक्याच मिळतात, आणि 100 तुकडे जोडून एक होते. पहिल्या आठवड्यात आमच्यातल्या दोघांनी सगळ्या किल्ल्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर उडवल्या आणि तीनच दिवसांत त्यातून मिळालेलं गिअर फेकून दिलं. पायरीप्रमाणे पेटीतला माल बदलतो, म्हणून आठवी पायरी झेपेपर्यंत किल्ली खिशात ठेवायची. त्या आधीच्या पायऱ्या किल्लीशिवाय, फक्त सरावाला आणि ब्रानच्या लेव्हलसाठी. आठवीच्या वर गिअर वाढत नाही; नववी ते अकरावी हौसेचा मामला. सीझन 1मध्ये आठवीच्या पेटीतून 603 दर्जाचं गिअर मिळत होतं, आणि बुधवारी सकाळी उघडणाऱ्या ग्रेट व्हॉल्टमध्ये, म्हणजे आठवड्याच्या बक्षिसांच्या तिजोरीत, 616चं. व्हॉल्टची तिसरी रांग आता डेल्व्हची आहे: 2, 4 आणि 8 डेल्व्ह केल्या की एकेक पर्याय वाढतो. चारवर थांबलात तरी चालतं. आठसाठी रविवार खर्च होतो.

सगळी भुयारं सारख्या कष्टाची नाहीत. क्रिगव्हाल्स रेस्टमध्ये मेणबत्ती उचलून अंधारातून जायचं असतं, ती संपली की अंधारच खातो. म्हणून तिथे शत्रू साफ करण्याआधी पुढची मेणबत्ती कुठे आहे ते हेरून ठेवावं. सिंकहोल आणि ताक-रेथान अ‍ॅबिस पाण्याखाली आहेत. श्वासासाठी हवेचे बुडबुडे गाठावे लागतात, आणि 170च्या पिंगवर पोहत मागे सरकणारा शत्रू तलवारीच्या टप्प्यात येतच नाही. जवळून मारणारं पात्र असेल तर त्या दोन्ही टाळा, चिन्ह सोनेरी असलं तरी.

आइल ऑफ डॉर्नवरचा नाटक मंडळीचा कार्यक्रम तेव्हा तासाच्या ठोक्याला सुरू व्हायचा, पण ठोका युरोपचा. आपल्या घड्याळात तो साडेच्या वेळेला पडायचा: साडेआठ, साडेनऊ. पहिल्या आठवड्यात मी तीनदा बरोबर 9 वाजता जाऊन रिकाम्या रंगमंचासमोर उभा होतो.

उरला झेकवीर, सीझन 1मधला डेल्व्हचा शेवटचा शत्रू. त्याच्या दोन पायऱ्या आहेत, एका प्रश्नचिन्हाची आणि दोन प्रश्नचिन्हांची. पहिली मी सातव्या प्रयत्नात पार केली. तो अंडी टाकतो, ती फुटण्याआधी बाकी सगळं सोडून मारायची. आणि मधेच स्वतःला बरं करायला लागतो, ते तोडलं नाही तर पाच मिनिटांची मेहनत वाया. इथे पिंग आडवा येतो. शत्रूची चाल दाखवणारी पट्टी संपत आल्यावर ती तोडायची युरोपातल्या लोकांची सवय आपल्याला परवडत नाही. पट्टी दिसली की लगेच दाबायचं, आणि त्याच्या त्या चालीसाठी तोडायची चाल राखून ठेवायची, थुंकीसारख्या किरकोळ माऱ्यावर ती खर्च करायची नाही. दोन प्रश्नचिन्हांना मी अनंत चतुर्दशीच्या रात्री तीनदा भिडलो. तिसऱ्या वेळी त्याची 20 टक्के ताकद उरली असताना अंडं फुटलं. तेव्हा गणपतीच्या मिरवणुकीतल्या झांक्या बघायला निघालो. पुढच्या खेपेला ब्रानला हीलर ऐवजी मारायला लावून पाहणार आहे.