दाराची कडी

आमच्या बेडरूमच्या दाराला कडी आहे, पण लग्नाला अठरा वर्षं झाली तरी रात्री ती मी कधी लावू दिली नव्हती. पलंगाखाली चपला दाराकडं तोंड करून, उशीखाली बॅटरी. नवऱ्याला वाटायचं, खेड्यातली खोड असेल.

30 सप्टेंबर 1993 ला मी दहा वर्षांची होते. गणपती बोळवून गाव उशिरा झोपलं होतं. पहाटे 3.56 ला किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, वर मातीचं माळवद. त्याखालून वडिलांनी मला दुपारी बाहेर काढलं. आजी माझ्या शेजारीच होती.

मग पत्र्याचं शेड, मग नवं गाव. समूळ हलवलेल्या 52 गावांतलं आमचं एक. घरं जमिनीच्या हिशेबानं मिळाली, 250, 400 नाहीतर 750 चौरस फुटांची. आमचं मधलं. दुःखाचेही तसेच गट पडले होते. शेजारच्या घरातली सहा माणसं गेलेली, त्यांच्यापुढं आम्ही काय रडायचं? "तुमची तर फक्त म्हातारी गेली," बायका म्हणायच्या, तेही मायेनंच. पुढं मीही तेच म्हणायला लागले.

2023 च्या गणपतीत गल्लीत डीजे आला. खिडकीची तावदानं थरथरली आणि मी मुलाला फरफटत जिन्यावरून खाली आणलं. त्याचं कोपर फुटलं. त्या रात्री 14416 ला फोन लावला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा हा नंबर आमच्या शाळेच्या नोटीस बोर्डावर होता. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी सांगितलं, मैत्रिणीसाठी विचारतेय. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "बरं. मैत्रिणीला झोप लागते का?"

त्यांनी सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार विभागात जायला सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "पोरीची सोयरीक चाललीय, आत्ताच कशाला ते येरवड्याचं?" पोरगी म्हणजे माझी नणंद. म्हणून घरात 'थायरॉइड दाखवायचं' असं ठरलं आणि मी मुद्दाम जिल्हा ओलांडून गेले.

तिथं बाकावर कोण बसलेलं असावं? सहा माणसं गेलेल्या त्या घरातला दादा. केसपेपर उलटा धरून.

"शुगर दाखवायला आलतो," तो म्हणाला.

"मी थायरॉइड."

दोघांच्या डोक्यावर मानसोपचार विभागाची हीऽ मोठी पाटी. आधी त्यालाच हसू फुटलं. मग हळूच म्हणाला, "तुला पण झोप येत न्हाई का गं?" तीस वर्षांत मला हे गावातल्या कुणी विचारलं नव्हतं. मीही त्याला कुठं विचारलं होतं म्हणा.

आत डॉक्टरांनी विचारलं, घरातलं कोण गेलं? म्हटलं, फक्त आजी. ते म्हणाले, "फक्त का?" पुढची पाच मिनिटं मला बोलता आलं नाही. त्या खोलीचं दार उघडंच असायचं, रांगेतली माणसं आत डोकवायची. दुसऱ्या कुणाला ते खटकलं असतं, मला बरंच वाटलं.

पीटीएसडी आहे म्हणाले, म्हणजे मोठ्या आघातानंतर मनात घर करून राहणारा आजार. सेर्ट्रालीनची गोळी दिली. गुंगीची नाही, गुण यायला दोन-चार आठवडे लागतील, मधेच सोडायची नाही. पहिला आठवडा नुसती मळमळ.

खरं काम समुपदेशक बाईंकडं झालं. डोळे मिटायचे आणि ती पहाट आत्ता घडतेय असं सांगायची. दर आठवड्याला तीच. पहिल्यांदा मी अर्ध्यातून उठून बाहेर गेले. चौथ्या वेळी तोंडून आलं ते मलाच नवीन होतं. आजीचा हात माझ्या दंडावर होता. आधी ती पुटपुटत होती, मग थांबली. हात गार पडलेला मला कळला होता, आणि मी तिला हाक मारली नव्हती. ओ आली नाही तर, म्हणून.

बाईंनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला आणि म्हणाल्या, "पुन्हा सुरुवातीपासून सांगाल?"

घरचा अभ्यास कडीचा. दुपारी कडी लावून दहा मिनिटं आत बसायचं, भीतीला दहापैकी मार्क द्यायचे. मास्तरीण असल्यानं तेवढं जमलं. पहिल्या दिवशी नऊ, महिन्यानं चार. आता रात्रीही कडी लागते, सप्टेंबर सोडून. चपला अजून तिथंच आहेत.

दादाचा अधूनमधून फोन येतो. "थायरॉइड काय म्हणतंय?" मी शुगरचं विचारते. परवा म्हणाला, पाचपर्यंत जागच आली न्हाई, बायकूनं हलवून उठवलं.