कृष्णेकाठानं वर, वेण्णेकाठानं खाली: तीन दिवस, फक्त एसटी

वाई, पाचगणी, महाबळेश्वर, सातारा हा फेरा मी स्वतःची गाडी न घेता केला. तीन दिवस, दोन मुक्काम. आखणी करताना सगळ्यांत आधी विरळ गाडी कोणती ते शोधलं. पुणे–वाई, वाई–पाचगणी, पाचगणी–महाबळेश्वर आणि सातारा–पुणे या टप्प्यांवर एक गाडी गेली तरी दुसरी मिळते. अडतं ते महाबळेश्वरहून मेढामार्गे साताऱ्याला उतरताना. या मार्गावर गाड्या मोजक्याच. म्हणून तिसऱ्या दिवशीची ती दुपारची गाडी आधी पक्की केली आणि बाकीचे दिवस तिच्यापासून मागे मोजत बसवले. बहुतेक जण उलटं करतात. निघायची वेळ आधी ठरवतात आणि परतीच्या वेळी स्टँडवर दोन-दोन तास बसून राहतात.

आल्या रस्त्यानं परत यायचं नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. कृष्णा आणि वेण्णा या दोन्ही नद्यांचा उगम क्षेत्र महाबळेश्वरचा, म्हणजे जुन्या महाबळेश्वरचा. कृष्णा धोम, मेणवली, वाईकडून येते, तर वेण्णा तलावातून लिंगमळा, मेढा, कण्हेर करत खाली उतरते. साताऱ्याजवळ संगम माहुलीला त्या पुन्हा भेटतात. एका नदीच्या खोऱ्यातून चढायचं आणि दुसरीच्या खोऱ्यातून उतरायचं, म्हणजे वाई–पाचगणीमधला पसरणीचा घाट दोनदा होत नाही आणि मेढ्याकडची हिरवी, कमी गर्दीची बाजू पदरात पडते.

वार मंगळ ते गुरू. पाचगणी–महाबळेश्वर हा एकच रस्ता आहे, आणि जोडून सुट्ट्या आल्या की वेण्णा तलावाच्या अलीकडे गाड्यांची रांग लागते. एसटीही त्याच रांगेत उभी राहते, मग पुढचं सगळं वेळापत्रक कोसळतं. महिने ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, धुक्यात पॉइंटवरून काही दिसत नाही आणि घाटात दरड आली की गाड्या रद्द होतात.

पुण्यातून गाडी स्वारगेटहून घ्यायची. इथे पाटी नीट वाचायला हवी. ‘महाबळेश्वर’ असेल तर गाडी वाई, पाचगणी करत जाते, त्यामुळे वाईचं तिकीट त्याच गाडीत मिळतं. ‘सातारा’ असेल आणि खाली ‘विनाथांबा’ लिहिलं असेल, तर ती वाईला जातच नाही. साध्या सातारा गाडीनं गेलात तर सुरूर फाट्यावर उतरून वडाप (शेअर जीप) किंवा मागून येणारी वाईची गाडी धरावी लागते. पाठीवर सामान घेऊन हमरस्त्यावर उभं राहण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा अर्धा तास थांबून थेट गाडी घ्यावी. आरक्षण मी फक्त स्वारगेट–वाईचं केलं. घाटातल्या आणि खेड्यापाड्यांच्या साध्या गाड्यांना त्याची गरज पडली नाही. महिलांना निम्मं भाडं आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं आणि ७५ च्या पुढे मोफत, पण ज्येष्ठांनी आधार कार्ड सोबत ठेवलं पाहिजे. कंडक्टरकडे ऑनलाइन पैसे चालतात, तरी घाटात रेंज जाते, म्हणून सुट्टे पैसे खिशात असलेले बरे.

सकाळी सातच्या सुमारास निघालं की नऊ-साडेनऊला वाई. पहिला मुक्काम वाईत ठेवला, महाबळेश्वरात नाही. हा निर्णय सगळ्यांत फायद्याचा ठरला: वाईत राहणं स्वस्त पडतं आणि कृष्णेच्या घाटावरची संध्याकाळ मिळते. फक्त कृष्णाबाईच्या, म्हणजे कृष्णा नदीच्या, उत्सवाचे दिवस आधी विचारून घ्या. एकेका घाटाचा उत्सव पाळीपाळीनं होतो, तेव्हा खोल्या मिळत नाहीत.

ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. मूर्ती समोरून सगळेच बघतात, मी सांगेन की देवळाच्या मागे जा. मागची भिंत सपाट नाही, ती माशासारखी निमुळती होत गेली आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर फुटून दोन्ही अंगांनी वाहून जातं. भिंतीवर हात ठेवून नदीच्या वरच्या अंगाला पाहिलं की बांधणाऱ्यानं काय विचार केला ते लगेच कळतं.

मेणवली वाईहून तीन किलोमीटर. जाताना चालत पाऊण तास, येताना रिक्षा, असं केलं. नाना फडणवीसांचा वाडा सहा चौकांचा आहे. खासगी मालकीचा असल्यानं उघडा असण्याची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवावी. वाड्यामागच्या घाटावर एका छोट्या देवळीत मोठी घंटा टांगली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल आहे. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर मराठ्यांनी आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी ती एक. आकृती झिजलेली आहे, म्हणून ऊन तिरपं असताना, म्हणजे सकाळी किंवा चारनंतर बघावी. भर दुपारी तिथे नुसता काळा धातू दिसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पसरणीचा घाट. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या चाकाच्या आसपासची जागा धरावी, शेवटच्या रांगेत बसू नये, आणि निघण्याआधी पोटभर न खाता कोरडं काहीतरी खावं. पाऊण तासाच्या आत पाचगणी. टेबललँड बाजारातून चालत अर्ध्या तासावर आहे, चढ आहे पण अवघड नाही. पाठीवरची पिशवी सोबतच वागवावी लागते, म्हणून एकूण सामान सहा-सात किलोंच्या वर जाऊ दिलं नाही. चाकांची बॅग या प्रवासात निरुपयोगी. एसटीच्या फळीवर मावत नाही आणि घाटाच्या पायऱ्यांवर ओढता येत नाही.

दुपारी महाबळेश्वर. स्टँड बाजाराला लागूनच आहे, तेव्हा राहण्याची जागा चालत दहा मिनिटांच्या आत बघावी. पोचल्या पोचल्या एक काम करायचं: चौकशी खिडकीवर जाऊन दुसऱ्या दिवशीच्या मेढामार्गे साताऱ्याच्या गाडीची वेळ विचारायची. मोबाइलवरची वेळ आणि स्टँडवरची वेळ यांत फरक निघतो, आणि खरी ती खिडकीवरची. नुसतं ‘सातारा कधी’ असं विचारू नका, कारण वाईमार्गे जाणारी गाडीही साताऱ्याचीच. ‘मेढामार्गे’ हा शब्द बोललाच पाहिजे. ती गाडी रद्द झाली तर वाईमार्गे उतरायचं, वाईहून साताऱ्याला गाड्या भरपूर आहेत. दहा-बारा किलोमीटर जास्त पडतात इतकंच.

तिसऱ्या पहाटे विल्सन पॉइंट. १,४३९ मीटर, महाबळेश्वरातली सर्वांत उंच जागा, बाजारातून चालत जाता येते. अंधारात निघायचं तर विजेरी आणि कानटोपी हवी. नंतर क्षेत्र महाबळेश्वर, गावापासून सहा किलोमीटर. तिथून परतीची गाडी मिळेलच असं धरून चालू नये. मी टॅक्सी जाऊन-येऊन ठरवली. दर युनियनच्या फलकावर लिहिलेले असतात, पण थांबायची वेळ किती ते बसण्याआधी विचारलं पाहिजे, वाद तिथेच होतात. पंचगंगेच्या देवळापलीकडे थोडं चालून कृष्णाबाईचं जुनं दगडी देऊळ आहे. तिकडे फारसं कुणी जात नाही, तुम्ही जा.

प्रतापगड मुद्दाम वगळला. आंबेनळी घाटातून चोवीस किलोमीटर आहे आणि पोलादपूर-महाडकडची गाडी कुंभरोशीला सोडते, पुढे चढून जावं लागतं. त्याला स्वतंत्र दिवस द्यावा, अर्ध्या दिवसात कोंबू नये.

केळघर घाट उतरून मेढामार्गे साताऱ्याला दोन तास धरले. साताऱ्यात राजवाडा, मोती चौक आणि कंदी पेढे पायीच होतात. त्यानंतर रिक्षानं संगम माहुली, साधारण पाच किलोमीटर. विश्वेश्वराचं देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ मध्ये बांधलं, आणि त्याच्या घाटावरून दोन्ही नद्या एकत्र येताना दिसतात. रेल्वेनं परतायचं असेल तर ध्यानात ठेवा की सातारा स्टेशन शहरात नाही, माहुलीच्याच बाजूला आहे, म्हणून सामान घेऊनच माहुलीला यावं. एसटीनं जाणाऱ्यांनी ती रिक्षा थांबवून ठेवावी. अंधार पडल्यावर तिथून स्टँडला यायला दुसरी सहज मिळत नाही.