पांढरी पाच

शाळेच्या आठवणी लिहून पाठवा, असा स्मरणिका समितीचा निरोप ग्रुपवर आला. इमारत, पटांगण, मधल्या सुट्टीतला वडापाव यांवर बाकीचे लिहितीलच. मी संगीताच्या बाईंवर लिहिणार आहे. नाव सांगायला नको. आमच्या वेळी नुसतं 'बाई' म्हटलं की त्याच. बाकीच्यांना विषय लावावा लागायचा.

मी सध्या वाद्यवृंदासाठी रचना करतो. पाश्चात्त्य पद्धतीचा, साठ-सत्तर वादकांचा वाद्यवृंद. त्यातल्या प्रत्येकाने काय वाजवायचं आणि कधी गप्प बसायचं, ते कागदावर उतरवायचं. दादरला कुणी ओळखीचं भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, 'कुठल्या सिनेमाला संगीत दिलंस?' कुठल्याच नाही. मग समोरच्याचा चेहरा पडतो आणि आईला ओशाळल्यासारखं होतं. बाईंनी मात्र हा प्रश्न कधी विचारला नाही.

आठवीत माझा आवाज फुटला. तोवर समूहगानात मी पहिल्या रांगेत, आणि एका सुट्टीत सगळा कारभार आटोपला. बाईंनी मला वर्गातून काढलं नाही. गणिताची चौकटीची वही हातात दिली आणि म्हणाल्या, "मी गाते, तू लिही. एका चौकटीत एक मात्रा." स्वर लिहायची पद्धत भातखंड्यांची. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला, म्हणजे खालच्या सप्तकाला, खाली टिंब, तारसप्तकाला वर. कंटाळलो की बाई ऐकवायच्या, "भातखंडे इथले, वाळकेश्वरचे. वकिली करणारा माणूस. गावोगाव हिंडून शेकडो बंदिशी कागदावर आणल्या त्यांनी. तुला एक समूहगीत जड जातंय?" पुढे एक दिवस म्हणाल्या, "मुली वर गातील. खाली मुलगे काय गातील, ते तू लिही." माझी पहिली रचना ती. सोळा चौकटींची.

आता पंधरा ऑगस्टची गोष्ट. बाहेर पाऊस, सगळी शाळा सभागृहात कोंबलेली, ध्वजवंदन उरकलेलं, पाहुणे खुर्चीवर. बाईंनी पेटीचा भाता ओढला आणि हात लावायच्या आधीच एक स्वर वाजायला लागला. पावसाळ्यात लाकूड फुगतं, तशी पांढरी पाचची, म्हणजे पांढऱ्यांतली पाचवी, पट्टी खाली बसली ती वर येईना. बाईंनी नखाने उचलून पाहिली, शेजारची पट्टी दाबून पाहिली. भाता हलला की तो पंचावन्न वर्षांच्या माणसासारखा हट्टी स्वर सुरूच. आमची तालीम पांढरी दोनमधली, म्हणजे दुसरी पांढरी पट्टी आमचा सा. त्या हिशेबाने हा मध्यम, म्हणजे म, आणि तो सतत वाजत राहिला तर गाण्याचं वाटोळं.

बाईंनी क्षणभर डोळे मिटले आणि पांढरी एकचा षड्ज, म्हणजे सा, दिला. एक स्वर खाली आल्याबरोबर अडकलेली पांढरी पाच झाली पंचम, म्हणजे प. तंबोऱ्यात सा-प सतत वाजतातच. मग अडकली काय आणि वाजली काय! तबल्यावर आमच्या वर्गातला एक जण होता. त्याचा तबला पांढरी दोनला लावलेला, तो आता बेसूर बोलणार. बाईंनी पेटीवरचा उजवा हात न काढता डाव्या कोपराने त्याला डग्गा दाखवला. त्याने संपूर्ण गाणं नुसत्या डग्ग्यावर काढलं. खाली गाणाऱ्या मुलांना अख्खा स्वर उतरल्याने खर्ज लागेना, त्यांना बाईंनी नजरेने वरच्या सप्तकात ढकललं. म्हणजे माझ्या सोळा चौकटी जागच्या जागी बदलल्या, आणि त्या जास्त बऱ्या वाटल्या हे मला तेव्हाच कळलं. भाषणात पाहुणे म्हणाले, मागचा तंबोरा फार सुरेल होता. बाईंनी मान लववून नमस्कार केला.

नरिमन पॉइंटच्या एनसीपीएला, म्हणजे तिथल्या कलाकेंद्रात, मला पहिल्यांदा बाईंनीच नेलं. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ साली उभी राहिली होती आणि बाईंना ती काही करून ऐकायची होती. आम्ही चार मुलं, चर्चगेटपासून चालत, सगळ्यांत वरची तिकिटं. सुरुवातीला ओबो नावाचं फुंकवाद्य वाजवणाऱ्याने एक स्वर धरला, बाकीचे त्यावर वाद्यं जुळवू लागले, आणि बाई भर सभागृहात म्हणाल्या, "अरे, पांढरी सहा!" पुढच्या रांगेतल्या पारशी आजींनी वळून पाहिलं. मध्यंतरात त्याच आजींनी बाईंना झुबिन मेहतांच्या वडिलांबद्दल सांगितलं. मेहलींनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढली होती. दोघी जुन्या मैत्रिणींसारख्या बोलत बसल्या.

पुढचं थोडक्यात सांगतो. माहीमच्या एका गोवेकर सरांकडे पियानो आणि थिअरी, धोबीतलावला फुर्ताडोमधून आणलेला पाच रेघांचा कागद, लंडनच्या परीक्षा, मग शिष्यवृत्ती आणि परदेशात रचनेचं शिक्षण. गेल्या वर्षी तिकडच्या एका वाद्यवृंदाने माझी अकरा मिनिटांची रचना वाजवली. तिच्यात चार हॉर्न एकच स्वर धरून बसतात. स्वर तुटू नये म्हणून चौघांनी आळीपाळीने श्वास घ्यायचा, आणि त्या स्वराखाली बाकीचा वाद्यवृंद षड्ज बदलत जातो. कुठला स्वर ते सांगायची गरज नाही. तिथल्या समीक्षकाला त्यात काहीतरी अध्यात्म सापडलं.

मधला भाग रूपक तालात आहे. सात मात्रा त्यांना अवघड नाहीत. अडतं ते पहिल्या मात्रेवर, कारण त्यांच्या सवयीने पहिली मात्रा जोरात येते आणि रूपकात समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवरच, खाली असते, तिथे टाळी नसते. तालमीचा वेळ मोजका, त्यात कंडक्टरला समजेना. शेवटी मी बाईंसारखा उभा राहिलो, 'ती ती ना, धि ना, धि ना' म्हणत समेला तळहात उघडा केला आणि पुढच्या दोन 'धि'ंवर टाळी दिली. व्हायोलावाले हसले, पण मग वाजलं.

ध्वनिमुद्रण बाईंना पाठवलं. दोन दिवसांनी फोन. "छान आहे. मधे पसरट झालंय." मी तो भाग कापला.

आता थोडं कडू. शाळेत गेलो तर संगीताच्या खोलीत स्मार्ट बोर्ड लागलाय. बाई निवृत्त झाल्यावर ते पद भरलेलं नाही. समूहगीत मोबाइलवरच्या ट्रॅकवर होतं. 'ड'पर्यंत तुकड्या असलेल्या शाळेत आज एक तुकडी भरवताना मुख्याध्यापकांची दमछाक होते, हे मला कळतं. तरीही आवाज फुटलेल्या मुलाच्या हातात आता वही कोण देणार?

समितीला दोन विनंत्या. पेटी जिन्याखालच्या कपाटात आहे असं शिपाईमामा म्हणाले. कपाटाची किल्ली तेवढी शोधा, दुरुस्तीचं मी बघतो. दुसरं, बाई डोंबिवलीहून यायला तयार आहेत. आणायला मी जातोय. त्यांची खुर्ची स्पीकरसमोर ठेवू नका, आणि सत्कार दुपारच्या जेवणाआधी उरका. उशीर झालेला त्यांना अजूनही चालत नाही.