आमची वाटचाल : कार्बोरेटरच्या स्क्रूपासून सेन्सरच्या वायरीपर्यंत

दर्यापूर-अकोट रस्त्यावर १९९४ साली चार टिनांखाली गॅरेज टाकलं, तेव्हा माझ्याजवळ पान्यांचा एक सेट आणि फीलर गेज (बारीक फटी मोजायच्या पातळ पट्ट्या) एवढंच होतं. बाकी काम कानावर. हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरवरचा मिक्श्चरचा स्क्रू पाव फेरा इकडे-तिकडे करायचा, गाडी फिरवून आणायची आणि प्लग काढून पाहायचा. विटकरी भुरा असला तर जमलं, काळाकुट्ट असला तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला तर कमी. सोबतीला मावसभाऊ होता. वायरिंगमध्ये त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला, हे मी आजही सांगतो.

२००० नंतर मारुती ८००मध्येही एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हुकमानं पेट्रोल फवारणारी पद्धत) आलं आणि तो स्क्रूच गेला. एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा, हा हिशेब आता इसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर ठेवतं, तोही सेन्सर जे सांगतील त्यावर. आम्ही दोघं रात्री बसून शिकलो. अमरावतीहून डिजिटल मल्टिमीटर आणला. मधली वर्षं बरी गेली.

२००९मध्ये मात्र घात झाला. एका मारुती एस्टीमच्या सायलेन्सरला दुसरीकडे वेल्डिंग मारलं होतं, बॅटरीची वायर न काढता. दुसऱ्या दिवशी गाडी आमच्याकडे सर्व्हिसला आली आणि संध्याकाळी स्टार्टच होईना. इसीएम गेलं होतं. मी वेल्डिंगचा ताजा टाका दाखवला, पण कोण ऐकतो? चौकात तेव्हा काचेच्या दाराचं, स्कॅनरवालं (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र असलेलं) गॅरेज नुकतंच उघडलं होतं. तिथून गावभर झालं, "तो कार्बोरेटरवाला आहे, त्यानं कॉम्प्युटर जाळला." माझा दोष नसताना पैसे भरले. त्यासाठी कॉम्प्रेसर विकला. मावसभाऊ पुण्याला निघून गेला. चार महिने हातपंपानं हवा भरून, पंक्चर काढून घर चालवलं. ते बोलणं मी विसरलेलो नाही. (वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला एक मिनिट लागतं. वेल्डिंगवाला काढत नसेल तर तुम्ही काढा.)

त्या दिवसांत एक निवृत्त गुरुजी त्यांची ८०० घेऊन आले. काळा धूर, पेट्रोलचा वास, लिटरला जेमतेम नऊचं ॲव्हरेज. म्हणाले, "दोनदा ऑक्सिजन सेन्सर बदलला बाप्पा, तरी पेट्रोल पेऊनच राह्यली. आता तूच पाय." (हा सेन्सर धुरातला ऑक्सिजन पाहून पेट्रोल जास्त की कमी ते इसीएमला सांगतो.)

गाडी पूर्ण गरम केली. कूलंट टेम्परेचर सेन्सरचा (इंजिनचं पाणी किती गरम ते इसीएमला सांगणारा) कपलर, म्हणजे वायरींचा जोड, काढून सेन्सरवर मीटर लावला. हा सेन्सर जितका गरम, तितके त्याचे ओहम कमी. तीनशेच्या आसपास ओहम, म्हणजे इंजिन ऐंशी डिग्रीला, अगदी बरोबर. सेन्सर चांगला. मग कपलर परत बसवला, इसीएमचा वायरींचा जोड काढला आणि त्याच सेन्सरच्या वायरी तिकडून मोजल्या, तर दोन हजारांच्या वर! उकळत्या इंजिनाला इसीएम हिवाळ्यातली सकाळ समजत होतं. इंजिन थंड आहे म्हटल्यावर ते ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतच नाही, जास्तीचं पेट्रोल सोडत राहतं. रीडिंग हद्दीत असल्यानं बिघाडाचा कोडही पडत नाही, म्हणून स्कॅनरला दिसलं नाही.

कपलर उघडला. पिनांवर हिरवट-पांढरी पपडी. आपला खारपाणपट्टा, इथलं जमिनीतलं पाणीच खारं! गुरुजी रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी टाकत होते. सेन्सरच्या वॉशरमधून ते पाझरून थेट कपलरमध्ये उतरलेलं. पिना घासल्या, एक बदलली, वॉशर नवा टाकला, रेडिएटर धुऊन कूलंट भरलं. पंधरा दिवसांनी गुरुजी ॲव्हरेजची वही घेऊन आले. सोळा. ती वही त्यांनी पारावर, बँकेत, लग्नाच्या पंगतीत दाखवली, आणि त्या वहीनंच माझं गॅरेज परत उभं राहिलं.

म्हणून सांगतो, रेडिएटरला विहिरीचं-बोअरचं पाणी टाकू नका. कूलंट महाग वाटत असेल तर महिनाभराचं जादा पेट्रोल मोजा. आणि मेकॅनिक पार्ट बदला म्हणाला तर आधी विचारा, वायर तपासली का? आज माझ्याकडेही स्कॅनर आहे, व्हॅक्यूम गेज आहे, पण पहिला हात अजून मीटरलाच जातो.

गुरुजींची ८०० अजून येते. चालवतो आता नातू.

मागच्या महिन्यात काचेच्या दारवाल्यांचा पोरगा एक जुनी झेन टोचन करून घेऊन आला. मालक स्वतः आले नाहीत. मॅप सेन्सर (इंजिनच्या हवेच्या नळीतला दाब सांगणारा) नवा, प्लग नवे, तरी धूर. मी बोनेट उघडून मॅनिफोल्डकडून, म्हणजे त्या हवेच्या नळीकडून, सेन्सरला जाणारा रबरी पाइप वाकवला, तर बुडाशी नखभर चीर. व्हॅक्यूम (इंजिनची हवेची ओढ) सेन्सरपर्यंत पोचत नव्हता, त्यामुळे इसीएमला वाटायचं गाडी सतत चढ चढते आहे, आणि ते जास्तीचं पेट्रोल सोडायचं. वीतभर पाइप कापून नवा लावला, गाडी शांत झाली. पोराला तो जुना पाइप हातात दिला आणि सांगितलं, मालकांना दाखव.