फ्रीफ्लायचा कोच कसा बघायचा (सोलापुरात बसून)

सोलापुरात कुणाला "फ्रीफ्लायसाठी (स्कायडायव्हिंगचाच एक प्रकार) कोच शोधतोय" असं सांगितलं की समोरचा आधी "ते काय असतंय बे" विचारतो, आणि समजावून झालं की "विमानातनं उडी मारतोसच की, मग आता आणि शिकायचं काय राहिलंय" असं म्हणतो. आमच्या एमआयडीसीतले एक काका तर म्हणाले, विमानाच्या आड येणारी होटगी रोडच्या साखर कारखान्याची चिमणी पाडली २०२३ ला, गोव्याचं विमान सुरू झालं २०२५ ला, एवढी वर्षं वाट बघून गावात विमान उतरायलंय आणि तुला त्यातनं बाहेर पडायचंय. आता काय बोलणार. घरच्यांना स्कायडायव्हिंग म्हटलं की पुण्याच्या शीतल महाजन आठवतात, २०१८ ला थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली त्या, आणि आईचं म्हणणं एवढंच असतं की ती बाई नऊवारीत सुखरूप खाली येते तर तू पण येशील, पण पोचल्यावर फोन कर.

पण अलीकडं ए लायसन्स (एकट्यानं उड्या मारायचा पहिला परवाना) झालेल्या दोघातिघांनी मला खरंच विचारलं की पुढं फ्रीफ्लाय करायचंय, कुणाकडं जाऊ, कुठली स्कूल चांगली. म्हणून एकदाच लिहून टाकतो. स्कूलची नावं घेऊन हे चांगलं ते वाईट असं करणार नाही, कारण स्कूल तीच राहते आणि दोन वर्षांत तिथले कोच सगळे बदललेले असतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. साधं स्कायडायव्हिंग पोटावर होतं, ताशी १९०-२०० किलोमीटरनं पडतो आपण. फ्रीफ्लायमध्ये बसून (सिट), उभं राहून, पाठीवर, डोकं खाली करून (हेड-डाऊन) उडायचं असतं, त्यात हवेला अडवणारं अंग कमी होतं म्हणून स्पीड २५०-२८० वर जातो. तेरा हजार फुटांवरनं पोटावर साधारण एक मिनिट मिळतं, फ्रीफ्लायमध्ये पाऊण मिनिट. हे सगळं नव्वदच्या दशकात ओलाव्ह झिप्सर आणि त्याच्या मंडळींनी रूढ केलं, आणि २०१५ ला शिकागोजवळ १६४ जणांनी हेड-डाऊनमध्ये एकमेकांचे हात धरून रेकॉर्ड केला, व्हिडिओ बघा, वेड लागतं.

वेड लागतं तिथंच गडबड आहे. कारण कोच निवडताना ९० टक्के पोरं इन्स्टाग्राम बघतात. भाऊ हेड-डाऊनमध्ये कॅमेऱ्याकडं बघून हसतोय, मागं समुद्र, खाली दुबईचं पाम बेट, झालं, डीएम केला. अरे तो उडतो छान, शिकवतो कसा ते कुठं दिसलं? आमच्याकडं टॉवेलचा लॉट घेणारा व्यापारी सॅम्पल हातात घेऊन ऑर्डर देत नाही, तो मागावर चालू असलेला माल बघायला शेडमध्ये येतो. कोचचंही तेच. ड्रॉपझोनवर (जिथं उड्या होतात ती जागा) एक दिवस आधी जा, उडू नका, नुसतं बसा, आणि तो दुसऱ्या कुणाला शिकवतोय ते बघा. जंप पाऊण मिनिटाची आहे, त्याच्या आधी तो किती वेळ देतो आणि नंतर किती वेळ देतो त्यावरनं सगळं कळतं. बहुतेक कोच याला नाही म्हणत नाहीत, आणि जो म्हणतो त्याचं उत्तर तिथंच मिळालं.

आणि एक मोठा गोंधळ म्हणजे कोचचं कार्ड. "यूएसपीए (अमेरिकेची स्कायडायव्हिंग संघटना) कोच आहे मी" असं कुणी म्हटलं की आपल्याला वाटतं झालं काम. पण यूएसपीएचं कोच रेटिंग हे बी लायसन्स (ए च्या पुढचं) आणि १०० जंप्स असल्या की कोर्स करून मिळू शकतं, आणि ते असतं नवीन विद्यार्थ्याला ए लायसन्सपर्यंत पोटावरची बेसिक स्किल्स शिकवण्यासाठी. त्यात फ्रीफ्लायचा संबंध नाही. म्हणजे कार्ड खरं असतं, माणूसही खोटं बोलत नसतो, पण त्या कार्डाचा तुमच्या कामाशी संबंध नसतो. ब्रिटिश स्कायडायव्हिंगच्या पद्धतीत एफएफ१, एफएफ२ असे फ्रीफ्लायचे वेगळे ग्रेड आहेत, तसं काही असेल तर निदान एक माप तरी मिळतं. नाहीतर सरळ विचारायचं, माझ्या लेव्हलच्या किती जणांना सिट शिकवलंस, त्यातल्या दोघांशी बोलता येईल का. आपल्याकडं लाज वाटते असं विचारायला, समोर गोरा माणूस असला की आणि जास्तच. वाटू देऊ नका, पैसे आपले चाललेत.

मी स्वतः ज्याच्याकडं शेवटी शिकलो त्याच्याबद्दल सांगतो. मी फोनवर चौकशी केली तर त्यानं पैशाचं-बिशाचं काही ऐकून न घेता उलट मलाच प्रश्न विचारले. शेवटची जंप कधी, ट्रॅकिंग (पडता पडता आडवं लांब जाणं) कसं आहे, पाठीवर स्थिर राहता येतं का, ऑडिबल (उंचीचा इशारा देणारा बीपर) आहे का, रिग (पाठीवरचा पॅराशूटचा संच) कुठली, टनेल (खालनं जोरात हवा सोडलेला उडायचा बोगदा) केलंय का. लॉगबुकचे फोटो मागवले. प्रत्यक्ष गेलो तर फ्लाइंगचा विषयच नाही, म्हणाला रिग चढव. चढवली. वाक म्हणाला, खांदे फिरव म्हणाला, मग मागं उभा राहून दोन बोटांनी रायझर कव्हर (खांद्यावरच्या पट्ट्यांचं झाकण) उचकलं, तर उजव्या बाजूचं टक्कन सुटलं. भाड्याची रिग ती. मग पॅराशूट बंद ठेवणाऱ्या पिनवरचा फ्लॅप घट्ट बसतोय का, पायलट शूटचा (मोठं पॅराशूट बाहेर ओढणारं छोटं) पाऊच सैल झालाय का, त्याची पट्टी म्हणजे ब्रायडल कुठं बाहेर डोकावतोय का, एकेक गोष्ट बोट लावून बघितली. शेवटी म्हणाला, ही घालून आज पोटावर उड, फ्रीफ्लाय नाही. उद्या दुसरी रिग मिळवू. मी हजारो रुपये घालून गेलेलो, राग आला ना डोक्यात. पण कारण साधं आहे, २५०-२८० च्या स्पीडला कव्हर सुटून पॅराशूट आपोआप उघडलं तर मान-पाठीला जो झटका बसतो त्यात माणूस कायमचा जायबंदी होऊ शकतो. दुसऱ्या दिवशीच्या रिगला दोन्ही पायांचे पट्टे मागनं जोडणारं इलॅस्टिक पण होतं, बसल्यावर पट्टे गुडघ्याकडं सरकू नयेत म्हणून. तेव्हा जो कोच तुमची रिग न तपासता "चल रे, नेक्स्ट लोड" (विमानाची पुढची फेरी) म्हणतो त्याच्या मागं जाऊ नका, मग तो केवढा का मोठा असेना.

दुसरी गोष्ट विचारायची ती कॉर्किंगची. हेड-डाऊन किंवा सिटमध्ये जोरात पडत असताना तोल गेला आणि पोटावर आलात की तुमचा स्पीड एकदम उतरतो, आणि तुमच्या वर जो आहे त्याचा उतरत नाही. तो ताशी साठ-सत्तर किलोमीटरच्या फरकानं तुमच्यावर येऊन आदळणार. म्हणून चांगला कोच पहिल्या ब्रीफिंगमध्येच सांगतो की आपण एकमेकांच्या वर-खाली यायचंच नाही, तोल गेला तर काय करायचं, किती उंचीवर वेगळं व्हायचं, आणि वेगळं झाल्यावर पोटावर येऊन स्पीड उतरल्याशिवाय पॅराशूट उघडायचं नाही. हे सगळं सांगायच्या आधी जर तो "आज हेड-डाऊन ट्राय करू" म्हणाला तर चहा पिऊन निघा तिथनं. आधी पाठीवर, मग सिट, मग बाकीचं, हा क्रम जुनाट वाटतो पण तोच आहे.

एका ठिकाणी (नाव घेत नाही) मी दहा जंपचं पॅकेज घेतलेलं. कोच हुशार होता, उडायचा पण सुंदर, पण खाली आलं की व्हिडिओ पेनड्राइव्हवर टाकून "ग्रेट जंप ब्रो" आणि पळाला पुढच्या लोडला. व्हिडिओ बघितला तर निम्म्यात तोच होता. म्हणजे त्याच्या स्लॉटचे (विमानातल्या जागेचे) पैसे मी भरलेले, आणि शूटिंग त्याचं चाललेलं.

याच्या उलट वरचा तो रिगवाला. त्यानं एकच फ्रेम थांबवली. पेनचं टोक स्क्रीनवर माझ्या टाचांवर ठेवलं. गुडघे काटकोनात हवे ते मिटलेले होते, पायाखाली हवा धरतच नव्हतो, त्यामुळं मी बसल्या बसल्या मागं सरकत चाललेलो आणि मला वाटत होतं मी सरळ खाली पडतोय. मग मला बाकड्यावर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि तळपायांना खालनं हातानं रेटलं, म्हणाला एवढं रेटणं पायाला जाणवलं पाहिजे. बाकी माझ्या शंभर चुका होत्या त्यातलं काहीच बोलला नाही. पुढच्या जंपला तेवढं एकच. मला हा प्रकार फार आवडला, कारण पाऊण मिनिटात माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट राहते.

आणि त्या सरकण्यावरनंच सांगतो, एकट्यानं यूट्यूब बघून सिट शिकायला जाऊ नका. आकाशात आपण आडवे सरकतोय हे कळायला बाजूला काहीच नसतं. कोच समोर असला की तो लांब जायला लागला म्हणजे आपण सरकतोय एवढं तरी कळतं, आणि नाही कळलं तर आपल्या आधी-नंतर उडी मारलेल्या ग्रुपच्या हद्दीत जाऊन बसतो आपण. टनेलमध्ये ते काम भिंत करते, लगेच धडकता.

टनेलचा हिशोब सोपा आहे, पंधरा मिनिटं म्हणजे फ्रीफ्लायच्या वीस जंपांएवढा वेळ. आपल्याला ग्रॅव्हिटीझिप हा टनेल हैदराबादला आहे म्हणजे नळदुर्ग, उमरगा, झहीराबाद करत तीनशेएक किलोमीटर, एका दिवसात जाऊन येता येतं. फक्त तिथं त्या दिवशी कोण आहे आणि तो सिट शिकवतो का हे फोनवर विचारूनच जा, बरीच गर्दी पहिल्यांदा हवा खाणाऱ्यांची असते. दुबई-अबुधाबीला जाणं होत असेल तर तिथं मोठे टनेल आहेत, यास आयलंडवरचा तर बत्तीस फुटी. पण टनेलमध्ये उंचीचं भान शिकता येत नाही, एक्झिट (विमानातनं बाहेर पडणं) नाही, ट्रॅकिंग नाही, पॅराशूट नाही. नुसता टनेल केलेला पोरगा आकाशात लय भारी दिसतो आणि अल्टिमीटर (उंचीचं घड्याळ) बघायला विसरतो, त्यामुळं हेल्मेटात ऑडिबल हवाच.

भारतात हरियाणातल्या नारनौलला एएफएफ (सुरुवातीचा कोर्स) होतं, ते करून घ्या, पण रोज विमान भरून फ्रीफ्लायर्स उडतात असा ड्रॉपझोन हवा असेल तर सध्या बाहेर जावं लागतं, पटाया, दुबई, स्पेनमधलं एम्पुरियाब्रावा, अमेरिकेत ॲरिझोना. खर्च विचारताना "कोचिंग किती" एवढंच विचारू नका. तुमचा स्लॉट, कोचचा स्लॉट, त्याची फी, रिगचं भाडं, पॅकिंग, हे पाच आकडे वेगवेगळे लिहून घ्या, आणि वाऱ्यामुळं दोन दिवस उडणं झालं नाही तर पैशाचं काय ते पण. इंग्रजी कळलं नाही तर परत विचारा, मी दरवेळी विचारतो, ब्रीफिंग मान हलवून ऐकायची गोष्ट नाही.

पुढच्या महिन्यात मी हैदराबादला टनेलला चाललोय. तिथं अर्ध्या तासाचा वेळ दोघातिघांत वाटून घेता आला तर स्वस्त पडतं. सोलापूर, बार्शी, लातूरकडनं कुणाला यायचं असेल तर सांगा, गाडीत जागा आहे, डिझेल वाटून घेऊ.