पिको २ क्रॉसओव्हर: 'टक्' सापडला

मंडळी, मी पिको २ या छोट्या कंट्रोलर बोर्डावर क्रॉसओव्हर (आवाजाचे पट्टे वेगळे करून वेगवेगळ्या स्पीकरना देणारं उपकरण) बनवतोय. त्यातल्या ज्या 'टक्' आवाजापाशी मागच्या वेळी अडकलो होतो, तो एकदाचा गेला. तीन रविवार खाल्ले त्याने.

मांडणी तीच आहे. पिको २, म्हणजे आरपी२३५० चिपचे दोन एम३३ कोर (प्रोसेसर), १५० मेगाहर्ट्झवर. पीसीएम१८०८ मधून (ही चिप आवाजाचे डिजिटल आकडे करते) २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ आत. बाहेर, आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या तीन पीसीएम५१०२ए चिप: वूफर (खालचे स्वर), ट्वीटर (वरचे) आणि सब (अगदी तळाचे). कोर १ फक्त फिल्टर चालवतो. नॉब, डिस्प्ले, सेटिंग सेव्ह करणं ही किरकोळ कामं कोर ० कडे. एका सॅम्पलच्या (आवाजाच्या एका मोजमापाच्या) वाट्याला प्रोसेसरच्या साधारण १,५६० सायकल येतात आणि त्यातल्या ३८ टक्केच लागत होत्या. तरी टक्!

शेवटी तानपुरा लूपवर लावून बसलो (बाकी संगीतात टक् लपतो, तानपुऱ्यात नाही). नॉब फिरवताना काहीच नाही. सोडल्यावर बरोब्बर दोन सेकंदांनी टक्. दोन सेकंदांनीच तर मी सेटिंग फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणारी मेमरी, कोडही तिथेच असतो) सेव्ह करतो.

कोर दोन असले तरी फ्लॅश सामाईक. ४ केबीचा सेक्टर (तुकडा) पुसायला ऑसिलोस्कोपवर ४५ मिलिसेकंद दिसले. तेवढा वेळ फ्लॅशमधून कोड वाचता येत नाही, म्हणून एसडीके (पिकोची तयार कोड-लायब्ररी) दुसऱ्या कोरला थांबवून ठेवतं. माझा ऑडिओ ब्लॉक (एका वेळी हाताळायचा आवाजाचा तुकडा) अर्ध्या मिलिसेकंदाचा. आता काय बोलणार!

मग कोर १ चा सगळा कोड रॅममध्ये हलवला आणि ते थांबवणं बंद केलं. सेव्ह केलं, तर टक् नाही, अख्खा बोर्डच गारद. दोन संध्याकाळी डीएमएला (प्रोसेसरशिवाय डेटा हलवणारा भाग) शिव्या घातल्या. मॅप फाइल (मेमरीत काय कुठे बसलंय त्याची यादी) उघडली तेव्हा कळलं: १० ने सुरू होणारे पत्ते फ्लॅशचे, २० ने सुरू होणारे रॅमचे, आणि माझं फिल्टरच्या कोएफिशंटांचं (गुणकांचं) टेबल आरामात १० मध्ये बसलेलं. वर मीच 'कॉन्स्ट' (न बदलणारा डेटा, तो फ्लॅशमध्येच राहतो) लिहून ठेवलं होतं. तो शब्द काढला, काम झालं.

आता सबच्या ८० हर्ट्झच्या फिल्टरमध्ये सिंगल प्रिसिजनला (३२ बिटांच्या आकडेमोडीला) बारीक खरखर येते. सब मोनो, त्यामुळे दोनच बायक्वाड (फिल्टरचे छोटे टप्पे). तेवढे डबलमध्ये (६४ बिटांत) घातलेत. भार ६१ टक्के झालाय. खरखर गेली की नाही, ते शेजारच्यांचा मिक्सर थांबला की ऐकतो.